परफॉर्मन्स गाडीसाठी टिकाऊ एलएसडी: निवडीपासून फिटिंगपर्यंत कामाचा क्रम

एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटणारा, एकच चाक फुकट फिरू न देणारा डिफरेन्शियल किंवा ‘डिफ’), घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो: ‘कुठल्या कंपनीचा घेऊ?’ खरं तर हा प्रश्न बराच नंतरचा आहे. त्याआधी गाडी नीट तपासावी लागते, गिअरबॉक्सची ओळख पटवावी लागते आणि आपण गाडी कुठे, कशी चालवतो हे कागदावर उतरवावं लागतं. हे सोडून आधी डिफ मागवला की पुढची गोष्ट ठरलेली. पार्सल येतं, गिअरबॉक्स खाली उतरतो, दाते जुळत नाहीत आणि गाडी गॅरेजमध्ये स्टँडवर अडकून पडते. किंवा त्याहून वाईट: डिफ बसतो, पण जुन्या बेअरिंगवर आणि चुकीच्या ऑइलमध्ये बसतो आणि आतून झिजत राहतो.

चांगल्या कंपनीचा एलएसडी सहसा तुटून मरत नाही. तो मरतो असमान टायरमुळे, चुकीच्या ऑइलमुळे, अंदाजाने टाकलेल्या शिममुळे (बेअरिंगची बैठक जुळवणाऱ्या पातळ चकत्या). म्हणून हा लेख ब्रँडची तुलना करत नाही, काम कुठल्या क्रमाने करायचं ते सांगतो.

टप्पा १: अडचण खरंच डिफची आहे का?

साध्या, म्हणजे ओपन डिफमध्ये दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, मिळतो. ज्या चाकाची पकड कमी, त्याच्या ताकदीवर दुसऱ्याचीही मर्यादा ठरते. वळणातून बाहेर पडताना आतलं चाक हलकं होतं, जागेवर फिरतं आणि इंजिनची ताकद तिथेच वाया जाते. एलएसडीची गरज ओळखायची खूण हीच: वळणात, ॲक्सिलरेटर देताना, आतलं एकच चाक फिरणं.

सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं एकदम सुटत असतील तर दोष टायरचा किंवा तुमच्या उजव्या पायाचा आहे. एलएसडी नसलेली पकड निर्माण करत नाही, असलेली वाटून देतो.

म्हणून आधी टायरची तारीख आणि हवा पाहा, व्हील अलाइनमेंट करून घ्या, लोअर आर्मचे बुश आणि इंजिन माउंट तपासा. फाटलेल्या माउंटमुळे इंजिन मागेपुढे डुलतं आणि चाक उड्या मारतं. ही उडी लोकांना डिफचा दोष वाटते. ती तशीच ठेवून एलएसडी बसवलात तर प्रत्येक उडीचा हादरा ड्राइव्ह शाफ्ट आणि नव्या डिफवर येतो.

दुसरं, गाडीत आधीपासून काय आहे ते बघा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत एक्सडीएस असतं. ते यांत्रिक डिफ नाही. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवतं. रोजच्या वापरात पुरेसं असतं, ट्रॅकवर मात्र त्याच ब्रेकना तापवतं. बीएमडब्ल्यू एम३४०आय मध्ये मागे कंपनीचाच एम स्पोर्ट डिफरेन्शियल येतो. आणि महिंद्रा थारचा मागचा मेकॅनिकल लॉकिंग डिफ ही वेगळीच वस्तू आहे: चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की तो पूर्ण लॉक होतो. चिखलासाठी उत्तम, वळणात वेगाने जाणाऱ्या गाडीच्या कामाचा नाही.

> तपासणी: टायर, अलाइनमेंट, बुश, माउंट हे चारही ठीक करून पुन्हा गाडी चालवून पाहा. अडचण तशीच राहिली तरच पुढे जा.

टप्पा २: गिअरबॉक्सची ओळख पटवा

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. डिफ गाडीच्या नावावर बसत नाही, गिअरबॉक्सच्या किंवा मागच्या एक्सलच्या कोडवर बसतो.

ऑक्टाव्हियाचंच घ्या. १.८ टीएसआय ऑटोमॅटिकमध्ये ७ गिअरचा डीक्यू२०० आणि आरएस २३० मध्ये ६ गिअरचा डीक्यू२५०. नाव एक, गिअरबॉक्स वेगळे, एकाचा डिफ दुसऱ्यात जात नाही. मागच्या चाकांच्या, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या, जुन्या बीएमडब्ल्यूत डिफ १६८, १८८ आणि २१० मिलिमीटर अशा मापांत येतो, आणि हे माप इंजिननुसार बदलतं. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच हौशी गाड्या तीन-चार हात फिरून आलेल्या असतात. मधल्या मालकाने गिअरबॉक्स बदलला असेल तर कागदपत्रं काहीही म्हणोत, गाडीखाली वेगळंच लटकलेलं असतं.

गाडी लिफ्टवर घ्या आणि स्वतः वाकून या गोष्टी लिहून घ्या, फोटोही काढा:

१. गिअरबॉक्सच्या बॉडीवर कोरलेला कोड. फोक्सवॅगन गटात तो तीन अक्षरी असतो. स्टिकरवरचा कोड आणि बॉडीवरचा कोड दोन्ही टिपा. जुळत नसतील तर बॉडीवरचा खरा.

२. फायनल ड्राइव्हचा, म्हणजे डिफ फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचा, रेशो. काही डिफमध्ये ठरावीक रेशोच्या पलीकडे क्राउन व्हीलची (या जोडीतल्या मोठ्या गिअरची) बैठक बदलते, मग वेगळा केस, म्हणजे डिफचं कवच, लागतो.

३. ड्राइव्ह शाफ्टचे दाते किती आणि शाफ्ट आत कशाने धरलाय, सर्क्लिपने (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) की बोल्टच्या फ्लॅन्जने. दाते मोजायला शाफ्ट बाहेर काढावाच लागतो. नेटवरच्या फोटोवरून मोजू नका.

४. क्राउन व्हील केसला कसं जोडलंय. याचे तीन प्रकार: बोल्ट, रिव्हेट, वेल्डिंग. बोल्ट असतील तर काम सरळ. रिव्हेट असतील तर ते ड्रिल करून काढायचे आणि त्याजागी उच्च ताकदीचे बोल्ट टाकायचे. फोक्सवॅगनच्या जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये हे नेहमीचं काम आहे. वेल्डिंग असेल, जसं अलीकडच्या बऱ्याच बीएमडब्ल्यूत असतं, तर जुनं क्राउन व्हील सहसा नव्या केसवर जात नाही. बोल्टवालं वेगळं क्राउन व्हील आणि पिनियनची (त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरची) जोडी शोधावी लागते, आणि बजेट तिथेच दुप्पट होऊ शकतं. हे डिफ मागवायच्या आधी कळलं पाहिजे.

> इशारा: ‘युनिव्हर्सल’ किंवा ‘या इंजिनच्या सगळ्या गाड्यांना चालतो’ असं सांगून कुणी डिफ विकत असेल तर तिथून निघा.

टप्पा ३: गाडीचा वापर लिहून काढा

हे छोटं काम आहे, पण इथे स्वतःला फसवू नका. महिन्यातले बहुतेक किलोमीटर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर जात असतील आणि वर्षातून एखादा ट्रॅक डे कोइम्बतूरला होत असेल, तर ती रस्त्यावरची गाडी आहे. तिला रस्त्यावरचाच डिफ हवा. गाडी ट्रेलरवरून ट्रॅकला जात असेल तर गोष्ट वेगळी. स्पर्धेत उतरणार असाल तर एफएमएससीआयच्या, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्टच्या नियामक संस्थेच्या, तुमच्या वर्गाच्या नियमावलीत डिफबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. काही वर्गांत मूळ डिफ बदलताच येत नाही.

पार्किंगही लिहा. सोसायटीच्या बेसमेंटचा गोल रॅम्प, पोडियमवरचं अरुंद वळण, यांत्रिक पार्किंग या सगळ्याचा डिफच्या प्रकाराशी थेट संबंध आहे. तो पुढे येईल.

टप्पा ४: प्रकार निवडा

बाजारात नावं खूप आहेत, पण तुमच्यापुढे खरी निवड दोन प्रकारांत आहे: हेलिकल आणि प्लेटवाला.

हेलिकल. क्वेफ, टॉर्सन, वेव्हट्रॅक ही या प्रकारातली परिचित नावं. आत तिरक्या दात्यांचे गिअर असतात. ताकद आली की हे गिअर केसच्या भिंतीवर दाबले जातात आणि त्या घर्षणातून जास्त टॉर्क पकड असलेल्या चाकाकडे जातो. झिजून बदलाव्या लागतील अशा प्लेटा यात नसतात. ऑइल वेळेवर बदललं तर गिअरबॉक्सइतकाच तो टिकतो. आवाज नाही, रॅम्पवर धक्के नाहीत.

कमजोरी एकच, पण ती समजून घ्या. हेलिकल डिफ कमी पकडीच्या चाकावर जितका टॉर्क आहे त्याच्या काही पट दुसऱ्याला देतो. चाक हवेत उचललं गेलं की तो टॉर्क जवळजवळ शून्य होतो, आणि शून्याची कितीही पट शून्यच. मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) कडक असेल तर पुढचं आतलं चाक सहसा जमिनीवर राहतं, म्हणून पुढच्या चाकांच्या गाडीत ही अडचण कमी येते. ट्रॅकवर कर्बवरून चाक उचलणाऱ्या गाडीत मात्र येते. वेव्हट्रॅकमध्ये यासाठी आत वेगळी रचना आहे, जी भार शून्याजवळ गेला की थोडं प्रीलोड, म्हणजे आधीच असलेला दाब, निर्माण करते. तुमच्या गाडीत एक्सडीएससारखी ब्रेकची यंत्रणा असेल तर हेलिकलची तिच्याशी छान जोडी जमते. ब्रेक उचललेल्या चाकावर थोडा भार देतो, डिफ त्याच्या पटीत दुसऱ्या चाकाला ताकद देतो.

प्लेटवाला. कुस्को, काझ, ओएस गिकेन ही नावं इथली. स्पायडर गिअरची (डिफच्या मधल्या लहान गिअरची) पिन तिरक्या खाचांत बसलेली असते. ताकद आली की पिन खाचेवर चढते, प्रेशर रिंगा बाहेर ढकलल्या जातात आणि प्लेटांचा थर दाबला जातो. स्प्रिंगमुळे थोडा दाब कायमच असतो, म्हणून चाक हवेत गेलं तरी काम चालू राहतं. लॉक किती आणि केव्हा व्हावं हे खाचेच्या कोनावरून, प्लेटांच्या मांडणीवरून आणि स्प्रिंगवरून बदलता येतं. स्पर्धेच्या मागच्या चाकांच्या गाडीसाठी हाच योग्य.

पण प्लेटा झिजतात, आणि त्या झिजण्यासाठीच बनवलेल्या आहेत. ठरावीक काळाने डिफ उघडून प्लेटा मोजणं आणि बदलणं हा त्याच्या मालकीचा भाग आहे. बेसमेंटच्या रॅम्पवर पूर्ण स्टिअरिंग वळवलं की प्लेटांचा कट्-कट् आवाज येतो. आणि पुढच्या चाकांच्या गाडीत डिफ गिअरबॉक्सच्या आतच, त्याच ऑइलमध्ये असतो. प्लेटांचा चूर त्याच ऑइलमधून गिअरबॉक्सच्या बेअरिंगपर्यंत आणि सिंक्रोनायझरपर्यंत (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) जातो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पुढच्या चाकांची, रोज चालणारी गाडी असेल तर हेलिकलच घ्या, कितीही कमी किमतीत प्लेटवाला मिळत असला तरी. मागच्या चाकांची रस्ता-आणि-ट्रॅक अशी गाडी असेल तर हेलिकल किंवा सौम्य सेटिंगचा प्लेटवाला. फक्त ट्रॅक, रॅली किंवा ड्रिफ्ट असेल तर प्लेटवाला.

व्हिस्कस, म्हणजे घट्ट द्रवावर चालणारा, प्रकार काही जुन्या जपानी गाड्यांतून सुटा मिळतो. त्यातला सिलिकॉन द्रव काळाने आणि उष्णतेने निकामी होतो आणि युनिट सहसा दुरुस्त होत नाही. वापरलेला घेऊ नका. स्पायडर गिअर वेल्ड करून डिफ ‘लॉक’ करून देणारेही भेटतील. ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नये: वळणात टायर फरफटतात, शाफ्टवर सतत ताण येतो आणि ओल्या रस्त्यावर गाडी सरळ जायला बघते.

टप्पा ५: आकडे वाचायला शिका

विक्रेता अश्वशक्ती विचारतो. डिफला अश्वशक्ती कळत नाही, टॉर्क कळतो, आणि तोही गिअरमधून वाढून आलेला. हिशेब सोपा आहे: इंजिनचा टॉर्क × पहिल्या गिअरचा रेशो × फायनल ड्राइव्ह. २५० न्यूटन-मीटरचं इंजिन, पहिला गिअर ३.५, फायनल ड्राइव्ह ४ असेल तर डिफच्या केसवर येतात सुमारे ३,५०० न्यूटन-मीटर. रीमॅप करून, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून, इंजिन ३५० वर नेलंत तर तेच ४,९००. डिफ निवडताना पुढच्या दोन वर्षांत गाडी जिथे पोचणार आहे तो आकडा धरा. आणि गिअरबॉक्सची मर्यादा विसरू नका. डीक्यू२०० ची रचना २५० न्यूटन-मीटरसाठी आहे. त्याच्या आत लोखंडी पहाड बसवलात तरी आजूबाजूचे गिअर तेवढेच राहतात.

हेलिकलमध्ये पाहायचा आकडा म्हणजे टॉर्क बायस रेशो: कमी पकडीच्या चाकाच्या किती पट टॉर्क दुसऱ्याला जाऊ शकतो. तो २.५ आहे आणि ओल्या पांढऱ्या पट्ट्यावरचं चाक ४०० न्यूटन-मीटरच पेलतंय असं समजा. ओपन डिफमध्ये दुसऱ्यालाही ४००, एकूण ८००. एलएसडीत दुसऱ्याला १,००० पर्यंत, एकूण १,४००. पुढच्या चाकांच्या गाडीत हा रेशो फार मोठा घेतला तर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते थकवतं.

प्लेटवाल्यात तीन गोष्टी विचारा. पहिली, वन-वे, दीड-वे की टू-वे. वन-वे फक्त ॲक्सिलरेटरवर लॉक होतो, टू-वे पाय सोडल्यावरही तितकाच, दीड-वे मधला. पुढच्या चाकांच्या गाडीत टू-वे घातला तर वळणात पाय सोडला की गाडी वळायचं नाकारते, तिथे वन-वेच. रस्त्यावरच्या मागच्या चाकांच्या गाडीला दीड-वे पुरतो. दुसरी गोष्ट खाचेचा कोन. कोन जितका लहान तितकं लॉक जोरात. ९० अंशांवर खाच उभी होते आणि त्या बाजूला लॉक होतच नाही. म्हणून ‘३०/९०’ लिहिलेलं दिसलं तर ते ॲक्सिलरेटरवर कडक आणि पाय सोडल्यावर मोकळं. तिसरी, प्रीलोड. रस्त्यासाठी कंपनीच्या यादीतला खालचा आकडा घ्या. जास्त प्रीलोड म्हणजे ‘जास्त दमदार’ हा गैरसमज आहे. त्याने फक्त सरळ चालतानाही प्लेटा घासत राहतात, लवकर तापतात आणि पार्किंगमध्ये टायर ओरडतात.

> तपासणी: हे सगळे आकडे विक्रेत्याकडून ईमेलवर लिहून घ्या. फोनवर ‘हां हां, बसेल’ म्हणणं म्हणजे उत्तर नव्हे.

टप्पा ६: खरेदी

नवा डिफ बहुतेक वेळा बाहेरूनच येतो. किमतीत मालवाहतूक, कस्टम ड्युटी, आयजीएसटी आणि क्लिअरिंगचा खर्च धरा, आणि पार्सल सुटण्याआधी क्लिअरिंग एजंटकडून लेखी अंदाज घ्या. न्हावाशेवा बंदर आपल्या दाराशी असलं म्हणून ड्युटी कमी लागत नाही.

त्याच ऑर्डरमध्ये डिफची दोन्ही बेअरिंग्ज बाहेरच्या रिंगांसकट, क्राउन व्हीलचे नवे बोल्ट, दोन्ही ऑइल सील, सर्क्लिप आणि शिमचा संच मागवा. जुनी बेअरिंग्ज जुन्या केसवरून ओढून काढताना बहुधा खराब होतातच. ऐन वेळी ‘चालतंय की अजून’ म्हणून तीच परत ठोकली जातात, आणि मी ऐकलेल्या डिफच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू झालेल्या आहेत.

क्वेफ आणि वेव्हट्रॅक आजीवन वॉरंटी देतात. पण वॉरंटीत गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी येते का, मूळ बिल कुणाच्या नावे हवं आणि वस्तू परत पाठवण्याचा खर्च कोण करणार, हे वाचून घ्या.

वापरलेला घ्यायचा असेल, कुर्ल्यातून किंवा एखाद्या हौशी मित्राकडून, तर एक नेहमीची चूक टाळा. लोक डिफ हातात धरून एक बाजू फिरवतात. दुसरी उलटी फिरली की म्हणतात ‘हा ओपन आहे’. प्रीलोड नसलेला हेलिकलही हातात अगदी असाच वागतो. त्याची ओळख केसवरच्या पार्ट नंबरवरून आणि खिडकीतून दिसणाऱ्या लांबट गिअरवरून करायची. प्लेटवाल्याची मात्र हाताने परीक्षा होते. एक शाफ्ट वाइसमध्ये पकडा, दुसऱ्याला टॉर्क रेंच लावा, किती ताकदीला सुटतो ते वाचा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. खूपच खाली असेल तर प्लेटा संपल्या आहेत. तो घ्यायचाच तर प्लेटांच्या नव्या संचाची किंमत धरूनच भाव करा, आणि तो संच अजून मिळतो का ते आधी बघा.

टप्पा ७: फिटिंग

वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे, इथे गिअरबॉक्स उतरवणारी गॅरेजेस भरपूर आहेत. उतरवणं अवघड नाही. आत मोजमाप करणारा मेस्त्री शोधणं अवघड आहे. त्याला तीन गोष्टी विचारा: डायल गेज आहे का, बेअरिंग प्रेसवर बसवणार की हातोड्याने, आणि शिम मोजणार की जुनेच टाकणार. तिसऱ्याचं उत्तर ‘जुनेच बसतात’ असं आलं तर दुसरं गॅरेज बघा. मजुरीत वाचलेले पैसे इथे कामाला येत नाहीत.

कामाचा क्रम असा:

१. गिअरबॉक्स उघडण्याआधी बाहेरून धुऊन घ्या. आत गेलेला वाळूचा एक कण बेअरिंग खातो.

२. मागच्या चाकांच्या गाडीत, जुना डिफ काढण्याआधीच क्राउन व्हील आणि पिनियनमधला बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळी फट, मोजून लिहा. बेअरिंग कॅप डाव्या-उजव्या म्हणून खूण करा. त्यांची अदलाबदल चालत नाही.

३. क्राउन व्हील काढा. रिव्हेट ड्रिल करताना चूर गिअरच्या दात्यांत जाऊ देऊ नका, आणि हे काम गिअरबॉक्सपासून लांबच्या टेबलावर करा.

४. नव्या डिफची बैठक आणि क्राउन व्हीलचं भोक स्वच्छ करून आधी हाताने जुळवून पाहा. व्हील साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत गरम केलं की अलगद बसतं. हातोडा मारून बसवलेलं व्हील तिरकं बसतं आणि आयुष्यभर आवाज करतं.

५. बोल्टच्या भोकांतलं ऑइल पूर्ण काढा, थ्रेडलॉक लावा, समोरासमोरचे बोल्ट घेत टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळा. बोल्टवर रंगाची खूण करा.

६. बेअरिंग्ज प्रेसवर, आतल्या रिंगवर दाब देऊन बसवा. गरम करायची असतील तर १२० अंशांच्या वर नेऊ नका. गॅसची ज्योत थेट लावणं तर मुळीच नाही.

७. बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे ते किती घट्ट दाबून बसलंय ते, नव्याने मोजा आणि त्याप्रमाणे शिम निवडा. नव्या केसची उंची जुन्यापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी जरी वेगळी असली तरी जुना शिम चुकतो. सैल राहिला तर डिफ डुलतो आणि दाते खातो, घट्ट झाला तर बेअरिंग जळतं.

८. पुढे इंजिन आडवं असलेल्या गाडीत फायनल ड्राइव्हचे दाते साधे तिरके असतात, म्हणून प्रीलोडवर काम संपतं. मागच्या डिफमध्ये हायपॉइड गिअर (ताकद काटकोनात वळवणारी गिअरजोडी) असतो. तिथे बॅकलॅश मॅन्युअलमधल्या आकड्यात आणा, सहसा तो ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि दात्यांना रंगाची पेस्ट लावून ठसा बघा. ठसा दाताच्या मध्यावर हवा. टोकाला किंवा मुळाशी आला तर पुन्हा उघडा.

> तपासणी: बोल्टचा टॉर्क, प्रीलोड, बॅकलॅश आणि शिमची जाडी एका कागदावर लिहून घ्या, ठशाचा फोटो काढा. हा कागद बिलाबरोबर फाइलला ठेवा.

> इशारा: एलएसडी बसल्यावर एक चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर आणि गाडी गिअरमध्ये, असं कधीही इंजिन चालू करू नका. जमिनीवरचं चाक ओढतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते. पंक्चरवाल्याला आणि सर्व्हिस सेंटरलाही हे सांगून ठेवा.

टप्पा ८: ऑइल आणि पहिले किलोमीटर

मागच्या वेगळ्या डिफमध्ये प्लेटवाल्याला एलएसडीसाठीचं जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, साधारण ७५डब्ल्यू-९० ते ७५डब्ल्यू-१४०, आणि कंपनीने सांगितला असेल तरच फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण कमी करणारं मिश्रण). हेलिकलमध्ये मॉडिफायर टाकू नका. तो घर्षणावरच चालतो, ते घर्षणच तुम्ही कमी करता.

पुढच्या चाकांच्या मॅन्युअल गाडीत मात्र सिंक्रोनायझर त्याच ऑइलमध्ये फिरतात. बऱ्याच गिअरबॉक्सना जीएल-४ लागतं, आणि जाड जीएल-५ टाकलं की गिअर अडकायला लागतात; पितळी सिंक्रोलाही ते मानवत नाही. हेलिकल निवडण्याचं हे आणखी एक कारण: गिअरबॉक्स कंपनीने सांगितलेलं ऑइलच चालतं. डीएसजीत, म्हणजे फोक्सवॅगन गटाच्या डीक्यू मालिकेच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, तर दुसरा विचारच नको.

हेलिकलला वेगळं रन-इन, म्हणजे सुरुवातीचं हळूहळू बसवणं, लागत नाही. तरी पहिल्या १,००० किलोमीटरच्या आसपास ऑइल बदला, नव्या बेअरिंगचा बारीक चूर त्यात निघून जातो. प्लेटवाल्याला रन-इन लागतंच. मोकळ्या खाजगी आवारात, मालकाच्या परवानगीने, हळू वेगात इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवायची, मध्ये थंड होऊ द्यायची, मग कंपनीने सांगितलेल्या अंतराने ऑइल बदलायचं. त्यासाठी पाम बीच मार्गावर किंवा खारघरच्या रिकाम्या वाटणाऱ्या रस्त्यांवर जाऊ नका. तिथे सकाळी लोक चालतात, सायकल चालवतात.

टप्पा ९: टायर, पावसाळा, नोंदी

आपल्या रस्त्यांवर खड्ड्यात एखादा टायर फुटणं नवीन नाही. इथेच चूक होते: एकच टायर नवा टाकला जातो. २०५/५५ आर१६ चा ८ मिलिमीटर खाचेचा नवा टायर आणि ३ मिलिमीटर उरलेला जुना एकाच एक्सलवर लावले, तर दर किलोमीटरला दोन्ही चाकांच्या फेऱ्यांत सुमारे ८ फेऱ्यांचा फरक पडतो. म्हणजे सरळ एक्सप्रेसवेवरही डिफ सतत घसरत काम करतोय. पनवेल ते पुणे जाऊन यायचं म्हटलं तर हजारावर जास्तीच्या फेऱ्या. एक्सलवरचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, सारख्या झिजेचे ठेवा, हवाही सारखी.

पावसात मागच्या चाकांची गाडी एलएसडीमुळे वेगळी वागते. ओपन डिफमध्ये एक चाक फिरत असताना दुसरं गाडीला बाजूने धरून ठेवतं. एलएसडीत दोन्ही एकदम सुटू शकतात आणि मागचा भाग बाहेर येतो. गायमुखच्या घाटात पहिल्या पावसात ऑइल वर आलेल्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर हळू द्या, आणि ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) बंद करू नका.

पाणी तुंबलेल्या जागी, वंदना डेपोजवळ किंवा एखाद्या सबवेत, तापलेला डिफ पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाण्याच्या छिद्रातून) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. अशा पाण्यातून गाडी काढावी लागली असेल तर त्याच आठवड्यात थोडं ऑइल काढून बघा. दुधी दिसलं तर लगेच बदला. जूनच्या आधी ब्रीदर साफ करून ठेवा.

ऑइल बदलताना चुंबकी नट बघा. राखाडी मऊ लेप चालतो. बोटाला टोचणारे कण किंवा चकाकते पापुद्रे दिसले तर गाडी चालवणं थांबवा. ॲक्सिलरेटरवर घूं आवाज आणि पाय सोडल्यावर शांत, किंवा नेमकं उलट, असं असेल तर मोजमापाचा कागद घेऊन मेस्त्रीकडे जा.

शेवटी कागदपत्रं. आरसीवर डिफरेन्शियलचा रकाना नसतो, पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे गाडीतले फेरफार हा चर्चेचा विषय आहे, आणि न कळवलेल्या बदलावरून विमा कंपनी क्लेमला हरकत घेऊ शकते. डिफचं बिल आणि पार्ट नंबर जोडून विमा कंपनीला ईमेल करा, आणि आलेलं उत्तर पॉलिसीबरोबर ठेवा. जुना डिफ विकू नका. ऑइल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, त्याचे शिम त्याच पिशवीत घालून ठेवा. गाडी विकताना बऱ्याच गिऱ्हाइकांना मूळ भागच हवा असतो.